पाटावरची हार्ड डिस्क

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.

ऑफिसातली पूजा आज मनासारखी झाली. दरवर्षी मी कंपास आणि मोजपट्टी पाटावर मांडते. बाबा ड्राफ्ट्समन होते, ते टी-स्क्वेअरला गंध लावायचे, तेच डोक्यात असतं. पण यंदा वाटलं, जी शस्त्रं आपण वापरतच नाही त्यांची कसली पूजा? माझी बारा वर्षांची सगळी कामं एका तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर आहेत. नाहूरच्या सातेरी सोसायटीचे नकाशेही तिच्यावरच. पूजा तिचीच व्हायला हवी.

ऑफिसात आम्ही दोघीच, मी आणि संघमित्रा. तिची सकाळपासून घाई. दुपारच्या गाडीने ती घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार, ते थेट सोमवारी उगवणार. मी पाट मांडला तर म्हणते, "मॅडम, नव्या डिस्कवर कॉपी लावलीय. अजून अर्धा तास थांबता का?"

"मुहूर्त अर्धा तास थांबतो का गं?" मी म्हटलं आणि हसले. ती हसली नाही.

डिस्क खाचेतून उपसली तेव्हा तिथला निळा दिवा लुकलुकत होता. हातात घेतल्यावर आत काहीतरी गरगरत होतं. जिवंत वाटली, चिमणी मुठीत धरावी तशी. मग फुलाने पाणी शिंपडलं, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. थोडं पाणी पाटावर सांडलं, ते शुभच.

संघमित्रा दाराशी हात मागे घेऊन उभी होती. प्रसाद घेतला, नमस्कार नाही केला. मी काही बोलले नाही. माझ्या मनात तसलं काही नसतं, हे इथे लिहून ठेवते. निघताना तिने पुन्हा विचारलं, "आता परत लावू का कॉपी?" मी सांगितलं, आज शस्त्राला हात लावायचा नाही, शुक्रवारी बघू. 

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

डिस्क चालत नाही.

खाचेत घातली की टक, टक, टक, असं तीनदा वाजतं आणि गप्प होते. दहादा करून पाहिलं. वायर बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. टक, टक, टक.

नाहूरची सभा २ नोव्हेंबरला आहे. बेचाळीस कुटुंबं. बहुतेकांचे बाप-आजे कोकणातून गिरणीत आलेले, आता कोणी बँकेत, कोणी बेस्टमध्ये. मोडकळीला आलेली आपली इमारत बिल्डरला न देता आपणच बांधायची, असं ठरवून तीन वर्षं माझ्यावर विश्वास टाकून बसलेत. त्या सभेत अंतिम नकाशे दाखवायचे आणि मत घ्यायचं. नकाशे नसले तर त्याच सभेत बिल्डर आपला प्रस्ताव घेऊन उभा राहणार. त्याचा नकाशा मी पाहिलाय. स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींना ओलांडून जाऊ शकत नाहीत. 

शनिवार, ४ ऑक्टोबर

जुनी बॅकअपची डिस्क ऑगस्टात बिघडली होती. नवी पाठवायला त्या दुकानदाराने दीड महिना लावला. (मी दोनदाच फोन केला हे खरं, पण दुकानदाराला एकदा सांगितलं की कळायला नको?) नव्या डिस्कवर फक्त पहिली दोन कामं उतरली आहेत. बाकी कोरी.

संघमित्राला नागपूरला फोन लावला. मागे प्रचंड गर्दीचा आवाज. तिला म्हटलं, "कॉपी अर्धवट टाकून गेलीस?" ती म्हणाली, "मॅडम, इथे ऐकू येत नाहीये. सोमवारी बोलू."

ऐकू येत नाहीये म्हणे. कामाच्या बाबतीत या पिढीला ऐकू येतच नाही.

सुयोगला सांगितलं तर नवरोबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "तू ते सगळं गूगलवर का नाही ठेवत?" लग्नाला एकवीस वर्षं झाली, आणि माझी कामं परक्याच्या घरी ठेवायची नाहीत हा माझा नियम या माणसाला ठाऊक नाही!

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज बोललो. बोललो म्हणजे मी बोलले.

"बॅकअप कोणाचं काम आहे?"

"माझं."

"मग?"

"मी लावलं होतं, मॅडम."

"लावलं होतं म्हणजे झालं होतं का?"

मग मी जरा मऊ होऊन विचारलं, तुझ्या लॅपटॉपवर, घरी, कुठेतरी एखादी कॉपी असेलच ना? मी रागावणार नाही. तर ही पोरगी काय म्हणते? "घरी कॉपी ठेवणार नाही, असं तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतलंय. दोन वर्षांपूर्वी."

घेतलंय. तेव्हाचा दुसरा असिस्टंट मुलुंडच्या शाळेचे माझे नकाशे घेऊन दुसऱ्या ऑफिसात गेला होता, मग काय करणार? पण नियम शब्दशः पाळायचा आणि अडचणीच्या वेळी तोच माझ्या तोंडावर मारायचा, याला काय म्हणावं? चोराच्या उलट्या बोंबा!

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मरोळला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चैतन्य म्हणून एक गृहस्थ मेलेल्या डिस्कांतून फायली काढतात. पन्नाशीचे, कपाळावर भिंग बांधलेलं. त्यांनी डिस्क कानाशी धरली, हलवली, आणि म्हणाले, "ताई, ही वारली नाहीये. पण हिला कोणीतरी झोपेतून ओढून उठवलंय."

"म्हणजे?"

"चालू असताना काढलीय. आतली सुई चकतीवर टेकली असणार. उघडल्याशिवाय सांगता येत नाही. कोणी काढली?"

"असिस्टंट असते माझ्याकडे," मी म्हटलं. 

हे वाक्य खोटं नाही. असते माझ्याकडे असिस्टंट.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सोसायटीचे सचिव लवू राणे ऑफिसात आले. साठी उलटलेली, पांढरा शर्ट, हातात छत्री नसेल तेव्हा फाइल. घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, लोकांका काय सांगू? बिल्डरचो माणूस रोज जिन्यात उभो असता. म्हणता, तुमच्या बाईकडे नकाशेच नाय."

मी म्हटलं, नकाशे येतील.

"येतले, पण झाला काय ता लिवून द्या. कागद असलो की लोक गप रवतत."

लिहून दिलं. "आमच्या कार्यालयातील सहायक वास्तुविशारद संघमित्रा जाधव यांच्या निष्काळजीपणामुळे तांत्रिक अडचण उद्भवली असून..." नाव लिहावं की नाही, यावर पाच मिनिटं विचार केला. राणे म्हणाले, नाव असलं की खरं वाटतं. 

सही करताना पेन दोनदा थांबलं. शाई वाळली असेल, स्वस्तातलं पेन.

शनिवार, ११ ऑक्टोबर

राण्यांनी ते पत्र सोसायटीच्या फळ्यावर लावलंय! मी त्यांना दाखवायला दिलं होतं, चिकटवायला नाही. फोन केला तर म्हणतात, बेचाळीस जणांच्या दारात जाऊन किती वेळा वाचून दाखवू?

संघमित्राला शकुमावशींनी फोन करून सांगितलं. तळमजल्यावरच्या शकुमावशी, ज्यांच्या मुलाची चाकाची खुर्ची आत वळत नव्हती म्हणून आम्ही नकाशात दार रुंद केलं. संघमित्रा माझ्या टेबलापाशी आली, ऑफिसची किल्ली ठेवली. 

"मी उद्यापासून येत नाही."

"अशी मध्येच सोडून जाणार? सभा तीन आठवड्यांवर आलीय."

"फळ्यावर मी निष्काळजी आहे, मॅडम. निष्काळजी माणसाकडून काम कशाला करून घेता?"

तीन वर्षं शिकवलं हिला. वाढदिवसाला केक आणला. आणि जाताना हे. तिचा आवाज चढलाही नाही, त्याचाच मला जास्त राग आला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चैतन्यनी बोलावून घेतलं. डिस्कखालची हिरवी पट्टी काढून काचेखाली धरली होती.

"ताई, खरं सांगा. हिला आंघोळ घातलीत का?"

"काय बोलताय!"

"बघा तरी."

पाहिलं. जिथे बारीक जोड असतात तिथे लाल-पिवळा थर सुकून बसला होता. एका कोपऱ्यात जळल्याचा काळा डाग. "कुंकू आहे," ते म्हणाले. "ओलं. वर थोडं नारळाचं पाणी, चिकटलंय म्हणून म्हणतो. नंतर कोणीतरी तशीच वीज दिली, एकदा नाही, बरेचदा. दसरा झाला की माझ्याकडे अशा चारपाच येतातच. गेल्या वर्षी एका डॉक्टरच्या डिस्कवर झेंडूची पाकळी होती." आणि हसले. "पण पट्टी बदलता येते हो. खरा घात सुईने केलाय. हे बघा, मी मागवून घेतली होती ना, ती तुमच्या कॉम्प्युटरची नोंद. १ ऑक्टोबर, अकरा वाजून एकोणचाळीस मिनिटं, कॉपी चालू असताना डिस्क काढली. ज्याने कॉपी लावली तो माणूस चांगला होता, ज्याने काढली तो गाढव."

मी म्हटलं, तुम्ही तुमच्या कामाचं बोला, माणसांचं नको.

रिक्षात बसले तरी कान तापलेले. एका परक्या माणसाने मला गाढव म्हणावं! त्याला काय माहीत खंडेनवमी म्हणजे काय? मी श्रद्धेने केलं. श्रद्धेने केलेल्याला चूक म्हणतात का? 

आणि अर्धा तास थांब म्हटलं की नीट हात धरून थांबवायला नको? नुसतं "थांबता का" असं विचारतात होय?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

वरचं पान वाचलं. शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

तशाच दुसऱ्या डिस्कची सुई काढून चैतन्यनी आमच्या डिस्कला बसवली. फायली निघाल्या! नऊ हजार तीनशे! आनंदाने मी त्या माणसाचे हात धरले, गाढव वगैरे विसरून.

मग त्यांनी सांगितलं, फायली निघाल्या, पण नावं गेली. फोल्डरही नाहीत, तारखाही नाहीत. १ पासून ९३०० पर्यंत नुसते आकडे. प्रत्येक उघडायची आणि ओळखायची. काही उघडणार नाहीत.

"तुमचेच नकाशे आहेत ना? मग ओळखाल की."

हो, ओळखेन. न ओळखायला काय झालं?

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज.

दिवाळी कुठे आली, कुठे गेली. पाच दिवसांत अकराशे फायली उघडल्या. 

सातेरीचे तळमजल्याचे तेवीस नकाशे सापडले, सगळे एकमेकांसारखे. कुठला मार्चचा, कुठला सप्टेंबरचा? एकात न्हाणीघर पूर्वेला, एकात पश्चिमेला. अंतिम कुठलं ठरलं होतं? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मला सभा आठवतात, माझी भाषणं आठवतात, कागदावर पेन्सिलीने काढलेली माझी पहिली रेघ आठवते. न्हाणीघर आठवत नाही.

दर रविवारी नाहूरला जाऊन घराघरात टेप लावून कोण मोजत होतं, हे मला माहीत आहे. पण इमारत माझ्या डोक्यातून आलीय! बाकी नुसतं आखणं.

दहा दिवस उरले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

घाटकोपर पूर्वेला संघमित्राच्या घरी गेले. न कळवता गेले, कारण कळवलं असतं तर नको म्हणाली असती.

आईने दार उघडलं. माधुरीताई. पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत, ड्युटीवरून नुकत्याच आलेल्या. पाणी दिलं, लाडू दिला, आणि समोर बसून सरळ विचारलं, "तुम्ही त्याच का? पत्रवाल्या?"

"आई," आतून संघमित्रा म्हणाली.

"विचारते फक्त. ओळख नको का व्हायला?"

मी लाडू हातात धरून बसले. संघमित्रा आली. तिला डिस्कचं सांगितलं, आकड्यांच्या फायलींचं सांगितलं. बिल्डर आला तर शकुमावशींच्या दाराचं काय होईल तेही सांगितलं. कुंकवाचं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलले, "डिस्कमध्ये ओल गेली होती."

"मला माहीत आहे काय गेलं होतं," ती म्हणाली. "मी तिथेच उभी होते."

मग म्हणाली, ओळखून देईन. ऑफिसात येणार नाही, चैतन्यसरांच्या तिथे बसेन. सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी तिला अंधेरीत दुसऱ्या ऑफिसात मुलाखतीला जायचंय. "ते लोक विचारतील, आधीचं का सोडलं. नाहूरची माणसं सगळीकडे आहेत, मॅडम. ते पत्र आधी बदला. ज्या सभेत नकाशे दाखवाल, त्याच सभेत वाचा."

"म्हणजे अट घालतेस?"

"हो."

लाडू तिथेच ठेवून उठले. घरी येईपर्यंत धुमसत होते. माझ्याच नकाशांसाठी मलाच अट! सुयोगला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, पाटापासून. माझ्या बाजूने काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. तो म्हणाला, "शर्मिष्ठा, तिने दोनदा सांगितलं होतं ना?"

"तुला कसं माहीत, दोनदा?"

"आत्ताच तूच सांगितलंस."

सोमवार, २७ ऑक्टोबर

मी मरोळला तिच्या मागे स्टूलवर बसते. ती फाइल उघडते, दोन सेकंद बघते, बोलते.

"जुनी. यात राणेकाकांचं देवघर अजून उत्तरेला आहे."

"ही पण जुनी. मेमधली. तेव्हा चव्हाणांची सून यायची होती, खिडकी नंतर बदलली."

"ही शेवटची. शकुमावशींचं दार बघा, पावणेचार फूट."

चैतन्य चहा घेऊन आले आणि म्हणाले, "हिला माणसांवरून नकाशे कळतात की नकाशांवरून माणसं?" 

दोघं हसली. मीही हसायला तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

दिवसभर मी बोट दाखवून एकदाही "ही माझी" असं म्हणू शकले नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

झालं. एकशे अठरा नकाशे, पूर्ण संच. तीन उघडत नव्हते, ते तिने जुन्यांवरून पुन्हा आखले.

जाताना मी म्हटलं, "पत्र लिहिलंय मी. बघतेस का?"

"सभेत वाचा," ती म्हणाली. "मला नको दाखवू—" आणि थांबली. "नका दाखवू."

रविवार, २ नोव्हेंबर

सभा सोसायटीच्याच आवारात, मांडवाखाली. आधी नकाशे दाखवले. मग मी उभी राहून पत्र वाचलं. चालू डिस्क मी काढली. ओलं गंधकुंकू मी लावलं. सहायकाने थांबा म्हणून सांगितलं होतं, कॉपी पुन्हा लावू का असंही विचारलं होतं, ते मी ऐकलं नाही. आधीच्या पत्रात तिच्यावर घातलेला दोष खोटा आहे. मला वाटलं होतं, ओरडतील. वाटलं होतं, कोणी उठून जाईल, म्हणेल, असल्या बाईच्या हातात आमची घरं द्यायची?

पहिल्या रांगेतून शकुमावशी म्हणाल्या, "अगो, देवाचाच केलंस ना? मगे? त्यात कसली इली चूक?"

सगळे हसले. मोकळं, प्रेमाचं हसणं. कोणीतरी म्हणालं, बाई सरळ आहेत हो, कोण एवढं कबूल करतं? कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मागून एक गृहस्थ म्हणाले, "तरी त्या मुलीने नीट सांगायला हवं होतं. अर्थात, त्यांना पूजेबिजेचं काय कळणार म्हणा."

"तिने सांगितलं होतं," मी म्हटलं. "दोनदा. पत्रात आहे ते. आत्ताच वाचलं मी."

"असो, असो. झालं गेलं."

मत घेतलं. बेचाळीसपैकी सदतीस आमच्या बाजूने. बिल्डरचा माणूस फाइल काखेत मारून गेला. सगळे माझ्याभोवती. चहा, बटाटेवडे. 

या क्षणासाठी मी तीन वर्षं थांबले होते, आणि मी वडा तसाच बशीत ठेवला. त्या मुलीला पंचवीस दिवसांत इथल्या एकाही माणसाने, शकुमावशी सोडून, फोन करून विचारलं नाही की बाई, खरं काय? मला माफ करायला यांना एक मिनिट लागलं. एक मिनिटही नाही. मला संताप आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना, कारण समोर सगळे प्रेमाने बघत होते.

राण्यांना म्हटलं, "हे पत्र फळ्यावर लावा."

"कित्याक? वाचलात ना?"

"आधीचं लावलं होतं ना, तसंच."

ते अवघडले. "मॅडम, ता वेगळा होता. तुमचा नाव असा फळ्यार बरा दिसाचा नाय."

"तिचं बरं दिसत होतं?"

ते हातातल्या टाचण्यांच्या डबीचं झाकण उघडझाप करू लागले. चांगला माणूस आहे. मी ती डबी त्यांच्या हातातून घेतली, गेटपाशी गेले, ऑक्टोबरचा कागद काढला आणि तिथे माझा लावला. खाली तारीख घातली, २७ नोव्हेंबरपर्यंत काढू नये; तिच्या नावाचे होते तेवढेच पंचवीस दिवस. मुलं बघत होती. एकीने वाचायला सुरुवातही केली, मोठ्याने, अडखळत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फळ्याचा फोटो संघमित्राला पाठवला होता. दोन दिवस काही नाही. आज सकाळी निरोप आला. मी हातातलं काम टाकून उघडला.

"४४१७ नंबरच्या नकाशात ब विंगचा जिना दुसऱ्या मजल्यावर उलटा चढतोय. माझीच चूक आहे, मे महिन्यापासूनची. पालिकेत द्यायच्या आधी दुरुस्त करून घ्या."

एवढंच. मुलाखतीचं काय झालं ते नाही. फोटोबद्दल एक अक्षर नाही.

नकाशा उघडला. जिना उलटाच आहे. माणूस वर चढला तर सरळ भिंतीवर जाऊन आपटेल. खालच्या कोपऱ्यात "तपासले" असं छापलेलं, आणि त्यापुढे सही माझी. मेपासून प्रत्येक फेरबदलाला, सहा वेळा केलेली.